सामाईक बांध

नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून १९४८ साली बाहेर पडलेली दहा रुपयांची एक नोट डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर राजा सहावा जॉर्ज तोच आहे, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया हे नावही तेच आहे. फक्त कोऱ्या भागात वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढी जादा छपाई आहे. १ एप्रिल १९४८ पासून ही नोट कराची, लाहोर आणि ढाक्याच्या बाजारात फिरू लागली. त्याआधी, १ ऑक्टोबर १९४७ रोजी, पाकिस्तानने आपली पहिली टपाल तिकिटे काढली, तीही ब्रिटिश हिंदुस्थानचीच होती. त्यांच्यावर नाशिकला 'पाकिस्तान' हा शब्द उमटवलेला होता. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक ही दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती आणि तिचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. १ जुलैला कराचीत जीनांनी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन केले, तेव्हा कुठे हा व्यवहार संपला. याच महिन्यांत काश्मीरमध्ये लढाई पेटलेली होती आणि दोन्ही सैन्यांचे सरसेनापती ब्रिटिश होते. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांचा पैसा एकाच छापखान्यातून निघत होता.

स्वातंत्र्यानंतरच्या भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या इतिहासात शिरताना ही नोट हाताशी ठेवावी, असे मला वाटते. या पुस्तकाचे म्हणणे तिच्यात सामावलेले आहे. हे देश एका मध्यरात्री वेगळे झाले नाहीत. वेगळे होणे हे एक काम होते. ते अनेक वर्षे चालले, आणि ते दोन्ही सरकारांनी मिळून केले: कधी एका टेबलाशी बसून, कधी एकमेकांवर कुरघोडी करत, पण नेहमी दुसऱ्याने काय केले हे पाहून. त्या कामातून दोन्ही राज्यसंस्था घडल्या. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वाटणी झाली की शेते दोन होतात, पण बांध दोन्ही शेतांचा असतो, आणि कोणाची किती जमीन हे त्या बांधावरूनच ठरते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर दोन स्वतंत्र इतिहास सुरू होतात असे धरून चालले, की दोन्हीकडच्या घटना उरतात, कारणे मात्र निसटतात.

मराठी वाचकाच्या मनात फाळणी ही पंजाब-बंगालची गोष्ट आहे. या समजाला तसा आधारही आहे, कारण कत्तली आणि काफिले तिकडचे होते. पण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचा कारभार मुंबईतून चालत असे. सिंधी निर्वासित बोटींनी मुंबईला उतरले, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवण्यात आले आणि १९४९ साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. ठाणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या शहराचा जन्म सिंधमध्ये घडलेल्या घटनांशिवाय सांगताच येत नाही. तरीही आपल्याकडे फाळणीचा धडा संपतो, संविधानाचा सुरू होतो, आणि पाकिस्तान पुन्हा भेटतो तो थेट युद्धांच्या तारखांत. मधली वर्षे कोरी राहतात. मला त्या कोऱ्या वर्षांविषयी बोलायचे आहे.

पहिली गोष्ट सीमेचीच. ती आखणारे रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला हिंदुस्थानात आले आणि १७ ऑगस्टला त्यांचा निवाडा जाहीर झाला. पण नकाशावरची रेघ म्हणजे सीमा नव्हे. १९४८ च्या मध्यापर्यंत लाहोरहून दिल्लीला यायला कुठला सरकारी कागद लागत नव्हता. दंगे शमेपर्यंत म्हणून नातलगांकडे गेलेली हजारो माणसे परतायचे धरूनच गेली होती. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सुरू केला, ऑक्टोबरात पाकिस्तानने तसाच नियम केला, आणि १९५२ च्या ऑक्टोबरात पूर्वेकडेही पासपोर्ट आला. निष्क्रांतांच्या मालमत्तेचे कायदेही असेच जोडीने वाढले. तिकडच्या हिंदूच्या घरात निर्वासित बसवला म्हणून इकडे मुसलमानाचे घर ताब्यात घ्या, आणि इकडे घेतले म्हणून तिकडचा कायदा आणखी कडक करा. काही महिन्यांसाठी गेलेला माणूस परतला तर त्याच्या घराला सरकारी कुलूप असे. कोण कुठला नागरिक, हा प्रश्न दोन्ही संविधानसभांनी तत्त्व म्हणून चर्चिला खरा. पण सामान्य कुटुंबापुरते त्याचे उत्तर परवान्याच्या खिडकीवर आणि मालमत्ता खात्याच्या कचेरीत मिळत होते, आणि या दोन्ही जागांचे नियम सीमेपलीकडे बघून लिहिलेले होते.

तागाची कथा याहून बोलकी आहे. कच्च्या तागाचे बहुतेक पीक पूर्व बंगालात आणि गिरण्या सगळ्या हुगळीच्या काठी. फाळणीनंतर पाकिस्तानच्या वाट्याला ताग आला, पण गिरणी एकही आली नाही. सुरुवातीच्या काळात पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतात येत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, भारताने त्यामागोमाग रुपयाचे केले, पाकिस्तानने मात्र आपला रुपया तसाच ठेवला. शंभर पाकिस्तानी रुपयांना एकशे चव्वेचाळीस भारतीय रुपये हा दर मान्य करायला दिल्ली तयार नव्हती. व्यापार ठप्प झाला. कोलकात्याच्या गिरण्यांना ताग मिळेना, पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक तुटले आणि भारतातून जाणारा कोळसा थांबला. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर स्वीकारला, पण तोवर दोघांनीही धडा घेतला होता. भारताने पश्चिम बंगाल, आसाम आणि बिहारात तागाची लागवड वाढवली. नारायणगंजला आदमजी गिरणी उभी राहिली, जी पुढे जगातली सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली गेली. 'स्वावलंबन' हा शब्द दोन्ही देशांच्या नियोजनात आदर्श म्हणून येतो. तागाच्या बाबतीत त्याचा उगम एका भांडणात आहे, आणि ते भांडण ज्याला ठाऊक नाही त्याला सीमेच्या दोन बाजूंना एकाच पिकाचे दोन वेगळे उद्योग का उभे राहिले हे कळणार नाही.

पाण्याचा वाद तर आजही जिवंत आहे. पंजाबचे कालवे एकच जाळे म्हणून बांधलेले होते. रेघ पडली ती माधोपूर आणि फिरोजपूरची बंधारे-दारे भारतात ठेवून आणि त्यांच्यावर भिजणारी पुष्कळशी जमीन पाकिस्तानात टाकून. वाटणीच्या तंट्यांसाठी नेमलेल्या लवादाची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली, आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने लाहोरकडे आणि दीपालपूरकडे जाणारे पाणी बंद केले. खरिपाच्या पेरणीआधीचे ते दिवस होते. ४ मेच्या करारानंतर पाणी पुन्हा सुटले, पण आपले पीक शेजाऱ्याच्या हातातल्या दारावर अवलंबून आहे ही जाणीव पाकिस्तानच्या राजकारणातून पुन्हा कधी गेली नाही. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू पाणीवाटप करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताच्या. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानच्या. पाकिस्तानला नवे जोडकालवे बांधायला भारताने ६ कोटी २० लाखांहून थोडे अधिक पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. १९६५ साली दोन्ही देशांचे रणगाडे याच कालव्यांच्या काठांवर एकमेकांना भिडले, आणि हप्ता त्याही वर्षी गेला. भारताला भाक्रा आणि राजस्थान कालवा मिळाला, पाकिस्तानला मंगला आणि तरबेला धरणे मिळाली. दोन्हीकडे ही धरणे राष्ट्रीय पराक्रम म्हणून गौरवली जातात. दोन्हींच्या पाण्याची हमी एकाच कागदात आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने हा करार स्थगित केला. त्याचे समर्थन करणाऱ्याला आणि विरोध करणाऱ्याला १ एप्रिल १९४८ चा तो दिवस माहीत असणे सारखेच गरजेचे आहे.

माणसांच्या बाबतीत हे सामाईकपण सर्वांत जड जाते, आणि तिथेच ते महाराष्ट्राच्या अगदी जवळ येते. डॉ. आंबेडकर १९४६ साली संविधानसभेवर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. त्यांच्यासाठी तिथे झटणारे होते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जोगेंद्रनाथ मंडल. फाळणीने ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. महिन्याभरात एकाच चळवळीतले हे दोघे दोन नव्या देशांचे पहिले कायदामंत्री झाले. मंडलांनी तर पाकिस्तानच्या संविधानसभेच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्षपदही भूषवले. दलित आणि मुसलमान यांचे हित पूर्व बंगालात एकत्र साधेल, हा त्यांचा हिशेब होता. १९५० च्या दंग्यांनी तो खोटा ठरवला. ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन ते कोलकात्याला निघून आले. आंबेडकरांनी १९४७ च्या अखेरीसच पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले होते. पण सिंधमधल्या सफाई कामगारांना यायचे असूनही येता येत नव्हते. त्यांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना अडवून धरण्यात आले होते. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून याची दाद मागितली. नवे राष्ट्र धर्माच्या नावाने उभे राहत होते, आणि रस्ते झाडायला मात्र जुनी जातच हवी होती. इकडे आलेल्या दलित निर्वासितांनाही जमीन आणि घर वाटताना जात विसरली गेली नाही. हा दोष दोन्ही घरांचा आहे, आणि एकट्या घराची झडती घेऊन तो पुरता दिसत नाही.

पळवून नेलेल्या स्त्रियांचा विषय लिहिताना लेखणी अडखळते. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही सरकारांनी त्यांना शोधून परत करायचे ठरवले. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन राज्यांनी इतक्या लवकर, इतक्या एकमताने घेतलेला दुसरा निर्णय शोधावा लागेल. लाहोर आणि जालंधरच्या छावण्यांतून सुमारे तीस हजार स्त्रिया आणि मुले या मोहिमेत 'परत' केली गेली. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले, आणि अनेकींना त्यामुळे नरकातून सुटका मिळाली हे निर्विवाद आहे. पण भारताच्या १९४९ च्या कायद्याने १ मार्च १९४७ नंतर दुसऱ्या धर्माच्या घरात सापडलेली कोणत्याही वयाची स्त्री 'अपहृत' मानली. तिला जायचे आहे की नाही, हा प्रश्न कायद्यात नव्हता. ज्या घरी ती दोन-तीन वर्षे राहिली, जिथे तिला मूल झाले, तिथून पोलिसांनी उचलून तिला धर्माच्या बाजूला नेऊन ठेवायचे. संविधानसभेतच या कलमांवर आक्षेप घेतले गेले, तरी कायदा १९५७ पर्यंत टिकला. नागरिक स्त्रीचा देश तिच्या इच्छेवरून नव्हे, तिच्या धर्मावरून ठरवायचा, यावर निधर्मी भारत आणि इस्लामी पाकिस्तान यांचे एकमत झाले होते. दोन राष्ट्रांच्या तत्त्वज्ञानांतला फरक मला खरा आणि महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच तो जिथे गळून पडला ती जागा नेमकी दाखवली पाहिजे.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो असा, की 'सामाईक इतिहास' म्हणणे म्हणजे दोघांना एका मापाने मोजणे. १९४७ ला टोळीवाले काश्मीरमध्ये कोणी पाठवले, १९६५ ला आणि कारगिलमध्ये घुसखोरी कोणी केली, २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसे मारणारे कुठून आले, हे सगळे 'आपण दोघे' या शब्दांत विरघळून जाणार नाही का? ज्या शहराने ते तीन दिवस सोसले, त्या शहराची भाषा बोलणाऱ्या वाचकाचा हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की सामाईक इतिहास म्हणजे सामाईक अपराध नव्हे. उलट, कोणी काय केले हे ठरवण्यासाठी लागणारा पुरावा दोन्हीकडे विखुरलेला असतो, आणि एकट्याच्या इतिहासात तो कधीच पूर्ण होत नाही. १९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानातल्या संहाराची जबाबदारी पाकिस्तानी लष्करावर आहे. पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगाने त्या लष्कराच्या वर्तनावर कठोर ठपका ठेवला आणि तो अहवाल तीन दशके दडपून ठेवला गेला. पण ज्या १९५ युद्धकैद्यांवर खटले भरायचे बांगलादेशने ठरवले होते, त्यांना सोडून देण्याचा निर्णय ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तिन्ही देशांच्या सहीने झाला. न्याय का झाला नाही, हे विचारायचे तर तिन्ही सह्यांपाशी जावे लागते. दोष वाटून टाकण्यासाठी हे म्हणत नाही. तो जिथला तिथे, नेमका ठेवता यावा म्हणून म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. एका देशात १९५१–५२ पासून निवडणुका झाल्या, दुसऱ्यात सर्व प्रौढांच्या मताने देशव्यापी निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडला आणि तिचा निकाल मानला गेला नाही म्हणून देश फुटला. इतक्या भिन्न वाटांना एक इतिहास कसा म्हणायचा? पण वाटा जिथून फुटल्या ती जागा एकच होती. दोन्ही देशांचा कारभार सुरुवातीला १९३५ च्याच कायद्यावर चालला. त्यातल्या गव्हर्नर-जनरलच्या अधिकारांचा आधार घेत कराचीत १९५३ साली पंतप्रधान काढला गेला आणि १९५४ साली संविधानसभा मोडली गेली. त्याच कायद्याच्या कलम ९३ ची सावली आपल्या ३५६ व्या कलमावर आहे, आणि तिने आपल्याकडेही कितीतरी निवडलेली सरकारे घरी बसवली. लष्कराचेही तसेच. पाकिस्तानला रोख आणि मालमत्तेत साडेसतरा टक्के वाटा मिळाला, सैन्य मात्र सुमारे तीस टक्के; आणि खडकीपासून इशापूरपर्यंतचे सोळाच्या सोळा दारूगोळा कारखाने भारतात राहिले. पाकिस्तानच्या वाट्याच्या पंच्याहत्तर कोटी रुपयांपैकी पंचावन्न कोटी भारताने काश्मीरच्या कारणाने अडवले, आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींचे उपोषण चालू असताना, ते द्यायचे ठरले. ऐपतीपेक्षा मोठे सैन्य पदरात आणि त्याला लागणारे शस्त्रागार शेजाऱ्याकडे, अशा स्थितीत उभ्या राहिलेल्या राज्यात सेनापती वरचढ होतात, याचे सगळे नसले तरी काही कारण वाटणीच्या कागदांत आहे. बाकीचे कारण मुस्लिम लीगच्या पोकळ संघटनेत आणि बंगाली बहुसंख्येला सत्ता न देण्याच्या हट्टात आहे. ते मी लपवणार नाही.

आणि वाटा फुटल्यावरही त्या एकमेकींना ओलांडत राहिल्या. १९६३ साली न्या. कॉर्नेलियस सरन्यायाधीश असताना पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की अडचणी दूर करण्याच्या नावाखाली राष्ट्राध्यक्षाला संविधानाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलता येणार नाही. पुढच्याच वर्षी भारतात सज्जनसिंग खटल्यात न्या. ज. र. मुधोळकर या मराठी न्यायमूर्तींनी त्या निकालाचा हवाला देऊन प्रश्न टाकला: संविधानाची मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे ही दुरुस्ती की नवे संविधान लिहिणे? १९७३ च्या केशवानंद भारती निकालात त्या प्रश्नाला उत्तर मिळाले. मग तोच विचार १९८९ मध्ये ढाक्याच्या न्यायालयाने उचलला, आणि २०१५ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असल्याचे मान्य केले. लष्करशाहीतल्या एका न्यायालयातून निघालेले बी, भारतात रुजून, दोन्हीकडे परत गेले. भारतीय लोकशाहीचा मानबिंदू म्हणून आपण ज्या तत्त्वाकडे बोट दाखवतो, त्याच्या वंशावळीत हे शेजारी आहेत.

तिसरी शंका खुद्द शेजाऱ्यांकडून येईल. सामाईक इतिहासाच्या गोड शब्दांआडून भारत फाळणी पुसू तर पाहत नाही ना, असे पाकिस्तानी वाचक विचारेल. आणि बांगलादेशी वाचक म्हणेल, की आमची मुक्ती तुमच्या भांडणातला एक अध्याय नाही. दोघांचेही म्हणणे मी मान्य करतो. मला भाऊ-भाऊ ही भाषा नको आहे; तिच्यात थोरला-धाकटा आपोआप येतो. बांगलादेशच्या दृष्टीने परकी सत्ता दोनदा संपली, आणि २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात भाषेसाठी पडलेले बळी दिल्ली-कराचीच्या कुठल्याच तंट्यातून उगवत नाहीत. म्हणूनच पुढील प्रकरणांत पूर्वेकडचा भाग पश्चिमेची पुरवणी म्हणून येत नाही. तो तिथल्या लोकांच्या प्रश्नांतून येतो, मग तो ताग असो, भाषा असो, की सीमेवरचे छीटमहाल.

त्या छीटमहालांशी हे पुस्तक थांबते. कुचबिहारचे जुने तुकडे पूर्व बंगालात आणि रंगपूरकडचे कुचबिहारात, असे एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ भूभाग रॅडक्लिफच्या रेघेने मागे ठेवले: भारताचे १११ तिकडे, बांगलादेशचे ५१ इकडे. त्यांचा निकाल लावायला नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी १९५८ मध्ये करार केला, तो बेरूबाडीच्या वादात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी १९७४ मध्ये पुन्हा केला, आणि भारताच्या संसदेने २०१५ साली शंभरावी घटनादुरुस्ती करून तो अमलात आणला. तोपर्यंत तिथल्या मुलांना शाळेत घालायचे तर दुसऱ्याच्या गावचा पत्ता आणि खोट्या बापाचे नाव द्यावे लागे. जुलै २०१५ मध्ये दोन्ही देशांचे कर्मचारी एकत्र, एकाच यादीनिशी त्या वस्त्यांत शिरले. दर घरी थांबून त्यांनी प्रत्येकाला, बायकांनाही, विचारले: तुम्हाला कोणत्या देशाचे नागरिक व्हायचे आहे? उत्तर लिहून घेतले आणि त्यापुढे त्या माणसाची सही किंवा अंगठा घेतला.